चार चाकांवरचं घर, मुक्काम पोस्ट हिंगणघाट

रिसॉर्ट नको, लॉज नको. छत वर उचलणारी कॅम्पर गाडी भाड्याने घ्या आणि वर्धा रोडने खाली निघा. फक्त एक लक्षात ठेवा. गाडी भाड्याने मिळते, रात्रीची जागा मात्र मागावी लागते!

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजले की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो. वीकेंडला कुठे? मग नेहमीची यादी सुरू. पेंच? झालंय. रामटेक? शाळेच्या सहलीपासून झालंय. चिखलदरा? अर्धं नागपूर तिथेच भेटतं, त्यापेक्षा फुटाळ्यावर बसू. शेवटी कुणाच्या तरी घरी पिझ्झा येतो आणि बघता बघता सोमवार उजाडतो.

मंडळी, या यादीत आता एक नवं नाव टाका. हिंगणघाट.

हसलात ना? आमच्याही ग्रुपवर आधी हसण्याचे स्मायली आले. वर्धा रोडने सरळ खाली, बुटीबोरी, मग जाम, मग हिंगणघाट. साधारण ७५ किलोमीटर. आपल्यातल्या बहुतेकांनी हे गाव रेल्वेच्या खिडकीतूनच बघितलंय. बल्लारशाकडे जाणारी गाडी थांबते, चहावाला येतो, गाडी सुटते. तिथे कुणी ‘फिरायला’ जात नाही. आणि नेमकं म्हणूनच तिथे आपलं घर सोबत घेऊन जायचं. जिथे टुरिस्ट जात नाहीत तिथे टुरिस्टांसाठी फारशी हॉटेलंही नसतात. कॅम्परचा खरा उपयोग अशाच ठिकाणी.

छत वर, टेन्शन खाली

पॉप-अप कॅम्पर हे नाव भारदस्त वाटलं तरी फंडा एकदम सोपा आहे. दिसायला साधी व्हॅन. धावताना छत खाली बसलेलं. मुक्कामी पोचलात की क्लिपा काढायच्या आणि छत वर ढकलायचं. छताबरोबर कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात आणि वरच्या मजल्यावर दोघांचा बिछाना तयार! खालची सीट आडवी केली की आणखी दोघांची सोय. मागचं दार उघडलं की ओटा. त्यात छोटी शेगडी, भांडी घासण्यापुरतं सिंक आणि पाण्याची टाकी. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बिछाना आणि कपाटं बसवायला सुरुवात केली, उघडणारं छत त्यानंतर आलं. आपल्याकडे याचाच एक सख्खा भाऊ दिसतो, जीपच्या किंवा पिकअपच्या टपावर बसवलेला घडीचा तंबू.

तुम्ही म्हणाल, एवढंच करायचं तर मोठी कॅराव्हॅन का नको? टीव्ही, एसी, बाथरूम सगळं असलेली? घ्या ना. हायवेवर ती झकास. पण हिंगणघाट सोडून एकदा आत वळलात की रस्त्यावर बाभळीच्या फांद्या खाली आलेल्या असतात, विजेच्या तारा लोंबत असतात आणि समोरून कापसाने ओसंडणारा ट्रॅक्टर येत असतो. तिथे बसएवढी गाडी घालणं म्हणजे आ बैल मुझे मार. पॉप-अपचं छत खाली असलं की जिथे बोलेरो जाते तिथे ती जाते. तिचा निम्मा मोठेपणा यातच आहे.

आता पैशांचं बोलू. लॉजपेक्षा स्वस्त पडतं का? खरं सांगायचं तर नाही. गाडीचं दिवसाचं भाडं, ठरलेल्या किलोमीटरच्या पुढचा दर, डिझेल, टोल, डिपॉझिट आणि ड्रायव्हर घेतलात तर त्याचा भत्ता, हे सगळं चौघांत वाटलं तरी साध्या लॉजच्या दोन खोल्यांपेक्षा जास्तच होतं. पैसे वाचवायला म्हणून कॅम्पर घेऊ नका. लॉज जिथे नाही तिथे सकाळ बघायला मिळावी, यासाठी घ्या.

मामांचा सवाल

आम्ही चौघं डिसेंबरात निघालो. विदर्भात कॅम्परचा सीझन म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कॅनव्हासच्या खोलीत झोपायचा विचारही करू नका. तो कॅम्पर नाही, तंदूर होईल.

पहिला मुक्काम ठरलेला होता. ग्रुपमधल्या एकीचे मामा हिंगणघाटचे, गावाबाहेर त्यांचं शेत. आम्हाला वाटलं, सही आहे, जागेचा प्रश्नच मिटला. पण मामांनी गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, “घरात तीन खोल्या रिकाम्या हायेत. अन् तुम्ही गाडीत झोपता?”

याला काय उत्तर देणार? आम्ही ‘एक्स्पीरियन्स’, ‘आउटडोअर’ वगैरे बोललो. मामी दारातूनच म्हणाल्या, “लोक काय म्हणतील, पाहुण्यांना गाडीत झोपवलं म्हणून!” शेवटी तह झाला. जेवण घरात, झोप गाडीत, सकाळचा चहा पुन्हा घरात. जेवणात ताज्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात, वांग्याची भाजी आणि वरून कच्च्या तेलाची धार. आमच्या शेगडीवर त्या रात्री काहीही शिजलं नाही.

जेवण झाल्यावर मामा स्वतः वर चढून बिछान्यावर बसले. कॅनव्हासच्या जाळीतून त्यांनी शेत बघितलं आणि म्हणाले, “हे तर मचाण झालं.” मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहील. राज्यात १९७२ पासून २००२ पर्यंत कापूस एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा. केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, नंबर यायला कधी एक रात्र जायची, कधी दोन. “बंडीवर कापूस, बंडीखाली आम्ही, बाजूला बैल. तीन दगडांवर भात शिजवायचा. आमचा कॅम्प असाच होता. भाडं फक्त नव्हतो देत.”

आपण ज्याला लाइफस्टाइल म्हणतो ती या लोकांची ड्युटी होती. त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही, पण हे ऐकल्यावर आपल्या हौसेकडे बघायची नजर थोडी बदलते, हे खरं.

झोपायला जाण्याआधी मामांनी एकच बजावलं. “रात्री धुऱ्यावर फिरू नका.” रानडुकरं पीक उकरतात म्हणून शेतकरी कुंपणाला तार लावतात. सोलरवर चालणारं झटका मशीन असेल तर जबरदस्त झटका बसतो, पण तेवढ्यावर निभावतं. काही जण मात्र सरळ लाइनवरून तारेत करंट सोडतात. ते बेकायदा आहे, आणि त्यात जनावरांसारखीच माणसंही गेलेली आहेत. कुठल्या तारेत काय आहे हे अंधारात कळत नाही, ते फक्त त्या शेताच्या मालकाला माहीत असतं. म्हणून जागा रिकामी दिसते म्हणून गाडी लावायची नसते. आधी माणूस शोधायचा.

कापूस, गिरणी आणि एक साहेब

शनिवारची सकाळ हिंगणघाटसाठी ठेवा. वणा नदीकाठचं हे गाव कापसावर मोठं झालं. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे नुसतं गावाचं नव्हे, तर कापसाच्या एका जातीचं नाव म्हणून व्यापारात चालायचं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या या भागाकडे वळली. पुढे रेल्वे आली, इथेच सूतगिरण्या उभ्या राहिल्या. आज बाजार समितीच्या आवारात बंड्यांपेक्षा ट्रॅक्टर आणि पिकअप जास्त दिसतात, पण हंगामात तो पांढरा ढीग आणि त्याभोवतीची भावाची कुजबुज बघण्यासारखी असते. कॅमेरा काढण्याआधी विचारा. कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचा तो निकाल असतो.

या गावात आणखी एक भन्नाट गोष्ट आहे, आणि ती थेट आपल्या विषयाची आहे. विल्यम लॅम्बटन हे नाव ऐकलंय? नसेल. पण जॉर्ज एव्हरेस्ट ऐकलंय, ज्याच्या नावाने जगातलं सर्वांत उंच शिखर ओळखलं जातं. लॅम्बटन हा त्याचा साहेब. भारत मोजायचं प्रचंड काम, म्हणजे ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’, त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून सुरू केलं. नंतरची वीस वर्षं हा माणूस तंबूत राहिला. सोबत सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र. ते टेकड्यांवर, गोपुरांवर चढवायचं, त्रिकोण मोजायचा आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं. असं करत करत तो हैदराबादहून नागपूरकडे येत होता. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याची यात्रा संपली. तेव्हा तो साठीच्या पुढचा होता. काम एव्हरेस्टकडे गेलं, आणि साहेबाची कबर इथेच राहिली. मोठी पाटी शोधत बसू नका, विचारत विचारत जा.

जगातल्या सर्वांत मोठ्या मोजणीतला हा माणूस आपल्यापासून ७५ किलोमीटरवर झोपलाय आणि आपण एव्हरेस्ट बेस कॅम्पचे फोटो लाइक करत बसतो. काय म्हणता?

गिरडच्या टेकडीवर

दुपारी आम्ही समुद्रपूरमार्गे गिरडकडे निघालो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे पट्टे. डोक्यावर पदर बांधून कापूस वेचणाऱ्या बायका हात न थांबवता आपल्या गाडीकडे बघून हसतात. छत खाली असल्यामुळे ती त्यांना साधी व्हॅनच वाटते.

गिरडला टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. सगळ्या धर्मांची माणसं इथे येतात. या टेकडीवर सुपारी, जायफळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्र सांगतं की ते ज्वालामुखीच्या खडकाच्या पोकळीत तयार झालेल्या खनिजाचे गोळे आहेत. दंतकथा त्याहून भारी आहे. माल घेऊन फिरणाऱ्या दोघा बंजाऱ्यांनी म्हणे बाबांची चेष्टा केली. बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. त्यांनी माफी मागितली तेव्हा वाळक्या पानांपासून नवा माल तयार करून दिला. मग ते दोघे पुढे कुठे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेत तिथेच राहिले.

बंजारा तांडा म्हणजे आपल्या भूमीवरची अस्सल कॅराव्हॅन. बैलांवर धान्य आणि मीठ लादून तांडे मुलुखभर फिरायचे, आणि मुक्काम करायचा तो पाणी, चारा आणि गावाशी जमवून. म्हणूनच मला ही कथा श्रद्धेइतकीच शहाणपणाची वाटते. चाकांवर किंवा पाठीवर कितीही घर असलं, तरी ज्याच्या टेकडीवर थांबतो त्याच्याशी नीट वागावं लागतं.

त्याचा प्रत्यय लगेच आला. गिरडच्या पुढे एका नाल्याकाठी मस्त सपाट जागा दिसली. मागे झाडी, समोर सूर्यास्त. इन्स्टावर टाकायला तयार! छत उचलायच्या बेतात होतो तेवढ्यात सायकलवरून चाललेले एक आजोबा थांबले.

“कुठून आले, भाऊ?”

“नागपूरहून, काका. आज रात्री इथेच राहतोय.”

“इथं नका राहू जी. वाघ येते पाण्यावर.”

ते गंमत करत नव्हते. नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेला ताडोबा, उत्तरेला उमरेड-कऱ्हांडला, पश्चिमेला बोर. वाघांना आपल्या अभयारण्याची हद्द माहीत नसते, या तिन्हींच्या मधल्या झाडीतून आणि नाल्यांतून त्यांची ये-जा असते. गिरडचा परिसर त्याच वाटेवर आहे. कॅनव्हासची भिंत थंडीला थोडीफार थोपवते, बाकी कशालाही नाही.

आजोबांनी आम्हाला त्यांच्यामागून गावात यायला सांगितलं. एका घराशी बोलणं करून दिलं. मोठं अंगण, हातपंप, कोपऱ्यात संडास. पैसे विचारले तर घरच्या बाईंनी हात झटकला. मग आम्ही नागपूरची संत्री दिली आणि मुलांना वरच्या मजल्यावर बसायला दिलं. बास, पुढचा तासभर छतावरून कुणी खाली उतरायलाच तयार नाही! रात्री उबेला शेकोटी, ताटात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पहाटे थंडी एवढी की जाळीवर दवाचे थेंब. सूर्यास्ताचा तो फोटो राहिला. पण वीकेंडचं सगळ्यात भारी जेवण त्या अंगणात झालं.

बापूंची ‘टायनी होम’

रविवारी परत येताना वाट जरा वाकडी करा आणि सेवाग्राम घ्या. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले, तेव्हा या खेड्याचं नाव शेगाव होतं. बापूकुटी आत जाऊन शांतपणे बघा. माती, बांबू, कवेलू. बसायची बैठक, लिहायची जागा, थोड्या वस्तू. दोन रात्री कॅम्परमध्ये काढल्यावर ही कुटी वेगळीच दिसते. एका माणसाला खरोखर किती जागा लागते याचा हिशोब आपल्या पाठीनेच नुकता केलेला असतो.

तिथून पवनार जवळच. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. भूदानासाठी १९५१ पासून तेरा वर्षं हा माणूस पायी फिरला, रोज नवं गाव, रोज नवा मुक्काम. त्यांच्याकडे तर गाडीही नव्हती. जाताना वर्ध्यातून गोरसपाक घ्यायला विसरू नका. तुपातलं हे खुसखुशीत बिस्कीट घरी पोचेपर्यंत उरलं तर नशीब.

मग कॅम्पर घ्यावी का?

घ्यावी. पण जाहिरातीत असतं ते ‘कुठेही जा, कुठेही थांबा’ डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे रिकामी दिसणारी प्रत्येक जागा कुणाची तरी असते. शेतकऱ्याची, वनखात्याची, देवाची, नाहीतर वाघाची. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले कॅराव्हॅन पार्क खासगी जागेवरही उभे राहावेत, ही त्यामागची कल्पना. हिंगणघाटच्या एखाद्या शेतकऱ्याने धुऱ्याजवळ चार गाड्यांची जागा, एक नळ आणि एक संडास केला तर कापसाचा भाव पडलेल्या वर्षीही त्याच्या हातात दोन पैसे येतील. पण तशा जागेला गिऱ्हाईक लागेल, आणि ते गिऱ्हाईक आपणच. म्हणून कुणी पैसे घेत असेल तर घासाघीस करू नका, आणि कुणी घेत नसेल तर रिकाम्या हाताने निघू नका.

निघण्याआधी एवढं बघाच

नंबर प्लेट : काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देता येणारी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

छत : गाडी ताब्यात घेताना दोनदा उघडून, दोनदा बंद करून बघा. क्लिपा, कॅनव्हासची शिवण, जाळीची चेन तपासा. फोटो काढून ठेवा. ओलं कॅनव्हास घडी करू नका, वास सुटतो आणि बुरशी धरते.

शेगडी : स्वयंपाक दार उघडं ठेवून किंवा बाहेरच. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं जिवावर बेतू शकतं.

पाणी आणि संडास : टाकी लहान असते, पिण्याचं पाणी वेगळं घ्या. फिरता संडास असेल तर तो संडासातच रिकामा करायचा. नदीत, नाल्यात अजिबात नाही.

रात्र : अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाची जागा नक्की करा. जुना सात नंबर, म्हणजे आताचा ४४ नंबरचा हायवे रात्रभर ट्रकने वाहतो, त्याच्या कडेला गाडी लावून झोपू नका. जागा सापडलीच नाही तर पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या ढाब्यावर मालकाला विचारून थांबा.

जंगल : ताडोबाकडे वळणार असाल तर कॅम्पर गेटबाहेरच्या रिसॉर्टच्या आवारात लावा, सफारी तिथल्या जिप्सीतून करा. मंगळवारी ताडोबा बंद असतं आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर भाग बंद असतो.

सोबत : संत्र्यांची एक पेटी. यजमान पैसे घेत नाहीत तेव्हा हीच कामाला येते.